सहाव्या रकान्यातले आबा

"ये पोतराज क्या होता है, बहन?"

शुक्ला ब्रदरनी कागद डोळ्यांपासून लांब धरला होता. दुसऱ्या हातात माईक. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चाळीसेक माणसं. पहिल्या रांगेत माझी आई. तिचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. तिच्या शेजारी मी.

मी उभी राहिले. म्हटलं, देवीचा भक्त असतो. गावोगाव फिरतो.

"फिरता है, और करता क्या है?"

मी सांगितलं. कमरेला खणांचा घागरा बांधतो. पायात घुंगरं. केस कधी कापत नाही. हातात आसूड असतो, तो स्वतःच्याच अंगावर ओढतो. बायको डोक्यावर देवीची पेटी घेते, ढोलकं वाजवते. दोघं दारोदार धान्य मागतात.

"अच्छा. यानी भीख." ते हसले नाहीत. मागे कुणीतरी हसलं. "और ढोल चमड़े का?"

"जी."

"कौन बिरादरी के होते हैं ये लोग?"

सगळे वाट बघत होते. "शरमाइए मत," ब्रदर मायेने म्हणाले. "जो छुपाया जाता है, शैतान उसी में घर करता है."

मी सांगितलं. महार. माझ्या आवाजात ते तिसऱ्या रांगेपर्यंतही गेलं नसेल. त्यांनी ते माईकवरून पुन्हा सांगितलं. मग आईच्या हाताकडे बोट केलं.

"तो जड़ यहाँ है. देखिए सब लोग. ख़ून में है."

चाळीस माणसांनी माझ्या आईचा हात बघितला. आईने तो पदराखाली घेतला. पदरही हलू लागला.

हे सगळं घडलं त्याला आता वर्ष होत आलं. आई जाऊन नऊ महिने झाले. मी हळू लिहिते. एक वाक्य लिहिलं की दोन दिवस त्याच्याकडे बघत बसते. पण आता लिहून टाकायला हवं, कारण येत्या शनिवारी तो कागद पुन्हा वाचला जाणार आहे. माणूस दुसरं आहे. कागद तोच.

आम्ही नगर जिल्ह्यातले. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मी लखनौला बँकेत राजभाषा अधिकारी आहे. हज़रतगंजच्या ऑफिसात बसून इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करते. नवरा अमौसीला विमान कंपनीत. घर तेलीबागेत. बाबा गेल्यावर आईला मी इकडे घेऊन आले. ती मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होती. तिची हिंदी भाजीवाल्यापुरती. इथे मराठी मंडळी नाही, मराठी उपासना नाही. घराजवळच्या एका हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरायची, तिथे आम्ही जाऊ लागलो.

शुक्ला ब्रदर ती सभा चालवतात. निवृत्त सरकारी अधिकारी. पांढरा कुर्ता, हळू आवाज. न दिसणाऱ्या जगाबद्दल शिकवणं हे त्यांचं खास काम. फळ्यावर ते दोन गोल काढत. एक दिसणारं जग, एक न दिसणारं. म्हणत, दिसणाऱ्यात जे दुखतं त्याचं मूळ बऱ्याचदा न दिसणाऱ्यात असतं. दुष्टात्मा आपोआप आत येत नाही, कुणीतरी कधीतरी दार उघडलेलं असतं. आणि तो नाव घेतल्याशिवाय निघत नाही. आधी ओळखा, मग नाव घ्या, मग प्रभूच्या नावाने सामना करा. ज्याचं नाव कुणी घेत नाही तो सगळ्यात बळकट.

मला हे शिकवणं पटायचं. वहीत मी सगळं उतरवून घ्यायचे. लपवत नाही, मला ते अजूनही पटतं. एखाद्या खोलीत आपण गाव आणि आडनाव सांगतो आणि हवा बदलते, हे मी लहानपणापासून अनुभवलं होतं. कुणी काही बोललेलं नसतं. काही दिसत नसतं. पण काहीतरी आलेलं असतं. पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की न दिसणारं खोटं नसतं.

म्हणून त्यांनी तो फॉर्म भाषांतराला दिला तेव्हा मला मान मिळाल्यासारखं वाटलं. बाहेरून आलेला इंग्रजी फॉर्म. घराण्यात दार कुणी उघडलं ते शोधायला चार पिढ्यांची माहिती, बारा रकाने. कुणी नवस केले, कुणी गंडेदोरे बांधले, कुणी आत्महत्या केली. सहाव्या रकान्यात लांबलचक वाक्य होतं. पूर्वजांपैकी कुणी परक्या देवाच्या सेवेत काही काम केलं असेल तर ते लिहा, असा त्याचा अर्थ. मी त्याचं दोन शब्दांत हिंदी केलं. पुश्तैनी काम, म्हणजे पिढीजात काम. ऑफिसात मी ज्युनियरना सांगते, चांगली हिंदी आटोपशीर असते.

उत्तर प्रदेशात एखाद्याला त्याचं पुश्तैनी काम विचारलं की तुम्ही त्याला काय विचारता, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी लक्षात आलं नाही. शब्द नीट बसले एवढंच पाहिलं. तो रकाना माझ्या हातचा आहे.

आईला कंपवात होता. डॉक्टरने नाव सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. आईला ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. हात फार हलायला लागला की म्हणायची, "याला एवढं नाचायचंच असेल तर म्हणावं, भांडी घास."

मग तिला आबा दिसायला लागले.

आबा म्हणजे तिचे वडील. जाऊन पन्नास वर्षं झाली असतील. दुपारी ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाशी बोलायची. मी विचारलं, "कोण आहे गं?"

"आबा आलेत. ऊन लागतंय त्यांना, पडदा ओढ."

ती घाबरलेली नव्हती. आनंदात होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांमुळे असं होतं कधी कधी, भीती वाटत नसेल तर राहू द्या. भीती वाटत होती ती मला. शनिवारी प्रार्थनेची विनंती सांगताना मी हे सगळ्यांसमोर बोलून गेले. ब्रदर एकदम सावध झाले. "मरे हुए पिता के रूप में आता है?" त्यांनी विचारलं. "बहन, माताजी का फ़ॉर्म भर के लाइए."

मी भरला. खरा भरला. मला खोटा फॉर्म भरता येत नाही. आजोबा, आईकडचे. पुश्तैनी काम: पोतराज.

आणि पुढचा शनिवार आला.

ख़ून में है, असं म्हटल्यावर ब्रदर खाली आले. आईसमोर उभे राहिले. सगळ्यांनी हात पुढे केले. मला म्हणाले, "माताजी हिंदी नहीं समझतीं, आप बोलवाइए. कहिए, मैं अपने पिता का त्याग करती हूँ. नाम लेकर."

मी आईकडे वाकले. मराठीत सांगितलं, "आई, म्हण, मी माझ्या वडिलांना नाकारते."

आईने माझ्याकडे पाहिलं. "कुणाला?"

"आबांना. नाव घेऊन म्हणायचंय."

"कशाला गं?"

ब्रदरनी विचारलं, क्या कह रही हैं? मी म्हटलं, पूछ रही हैं क्यों. ते म्हणाले, "वही आत्मा रोक रही है. फिर से बोलवाइए." मागून प्रार्थनेचा आवाज वाढला. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आईच्या कपाळावर त्यांनी तेल लावलं, ते तिच्या भुवईवर ओघळलं. ते पुसायला तिने उजवा हात उचलला आणि तो तिच्या तोंडासमोर थडथडत राहिला, डोळ्यापर्यंत पोचेना. सगळे म्हणाले, हालेलूया. त्यांना वाटलं, आत काहीतरी झगडतंय.

मी पुन्हा वाकले. "आई, म्हण ना. लवकर होईल. माझ्यासाठी म्हण."

आई म्हणाली. स्पष्ट, नर्सच्या आवाजात, आबांचं नाव बापाच्या नावासकट घेऊन. मी ते हिंदीत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता आबांची गोष्ट सांगते. ती मला लहानपणापासून माहीत होती. त्या शनिवारीही माहीत होती.

गावात पटकी आली तेव्हा आबांची दोन मुलं एका आठवड्यात गेली. तिसरं मूल म्हणजे माझी आई, चार वर्षांची. तिला त्यांनी खांद्यावर टाकून मिशनच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. आबा परत आले आणि भर दिवसा, गावासमोर, देवीची पेटी देवळाच्या पायरीवर ठेवून उभे राहिले. म्हणाले, आता मी उचलणार नाही. जटा काढायच्या होत्या, पण न्हावी त्यांच्या डोक्याला हात लावत नसे. मग ओढ्याकाठी बसून त्यांनी स्वतःच विळ्याने त्या कापल्या. डोकं जागोजागी फाटलं. गावाने वर्षभर मूठभर दाणा दिला नाही. पुढच्या वर्षी आजार पुन्हा आला तेव्हा देवी कोपली म्हणत लोक काठ्या घेऊन दाराशी आले. आबा दारात उभे राहिले. म्हणाले, "मारा. पण पेटी उचलणार नाही." त्यांना मारलं. त्यांनी पेटी उचलली नाही.

न दिसणाऱ्या शक्तीचा सामना म्हणतात तो हा. फळ्यावर गोल काढून केलेला नव्हे. त्या हॉलमध्ये एवढी किंमत मोजलेलं दुसरं कुणी नव्हतं. आणि फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. धरलं ते लिहायला जागा होती. सोडलं ते लिहायला नव्हती. भाषांतर करताना मला ते दिसलं नाही.

त्या दिवसापासून आबा गॅलरीत आले नाहीत. गोळ्या त्याच होत्या, तेवढ्याच होत्या. ते काय होतं, कुठून यायचं, मी सांगू शकत नाही. आई स्टुलाकडे बघत बसायची. एक दिवस मी तिला भात भरवत होते, तेव्हा ती म्हणाली, "आबा येत नाहीत गं."

मी भात कालवत राहिले.

"तूच घालवलंस ना?"

"आई..."

"तू सांगितलंस म्हणून म्हटलं मी." रागाने नाही. औषधाच्या वेळेबद्दल सांगावं तसं. मग तिने तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी.

त्यानंतर तीन महिन्यांत ती गेली. तेवढ्या दिवसांत वडिलांचं नाव तिने एकदाही घेतलं नाही.

तिच्यासाठी स्मरणप्रार्थना त्याच हॉलमध्ये ठरली. आदल्या दिवशी ब्रदरचा फोन आला. "बहन, आप गवाही दीजिएगा. माताजी कैसे उस बंधन से छूटकर प्रभु के पास गईं. बहुतों का विश्वास बढ़ेगा." मग म्हणाले, माझ्या मुलीचाही फॉर्म भरून आणा. ती चौथी पिढी. साखळी तिच्यापाशी तुटली पाहिजे. फॉर्म त्यांनी फोनवर पाठवलाच.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. फॉर्म वाचून तिने मान वर केली.

"मम्मी, इसमें नानी के पापा को छोड़ना है?"

"हो."

"मैं तो उन्हें जानती तक नहीं. छोड़ने के लिए पहले पकड़ना पड़ेगा न?" मग हळूच, "आपने नानी से बुलवाया था. मुझसे भी बुलवाओगी?"

मी रात्रभर त्या प्रश्नाशी बसले. सकाळी ऑफिसला रजा कळवली.

हॉलमध्ये आईचा फोटो टेबलावर होता. ब्रदरनी माझ्याबद्दल दोन शब्द सांगितले आणि माईक दिला. मी फोटोकडे पाठ करून उभी राहिले. बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. कागद उघडलाच नाही.

"ब्रदर, छठे ख़ाने में आपने क्या लिखा है?"

त्यांना कळलं नाही. "किसमें, बहन?"

"आपके अपने फ़ॉर्म में."

ते हसले. "मेरी गवाही तो सब जानते हैं. दादा पुजारी थे. सात पीढ़ी से मंदिर हमारे पास था."

खरंच, सगळ्यांना ती माहीत होती. ते ती वर्षातून दोनदा सांगत. पंडित घराने से. लोक ऐकताना मान हलवायचे. केवढ्या मोठ्या घरातून प्रभूने यांना उचललं.

"उनकी आत्मा किस शनिवार को निकाली गई?"

"बहन, वे विद्वान लोग थे. वह अलग बात है."

"क्या अलग है? मूर्ति वही. सेवा वही. मेरे नाना ने छोड़ी, मार खाकर छोड़ी. आपके दादा ने छोड़ी थी?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, जसं आईच्या हाताकडे बघितलं होतं. मग लोकांकडे वळून, हळू आवाजात, "यह बहन नहीं बोल रही. हाथ बढ़ाइए सब."

चाळीस हात वर झाले. माईक माझ्या हातातून कुणीतरी घेतला. प्रार्थना सुरू झाली, आधी पुटपुटत, मग ओरडत. ब्रदरनी माझ्या कपाळावर तळहात ठेवला आणि मागे रेटलं. तिथे असंच असतं. माणूस मागे पडतो, मागे उभं असलेलं कुणीतरी सावरतं, लोक हालेलूया म्हणतात. माझ्या मागे सावित्री उभी होती. एका नर्सिंग होममध्ये आया आहे ती, आमच्या सभेत नवीन आलेली. तिचे दोन्ही हात माझ्या पाठीला टेकले होते. तिचं तोंड माझ्या कानाजवळ आलं.

"दीदी, गिर जाइए. जल्दी ख़तम हो जाएगा."

लवकर होईल. हे मी कुणाला म्हटलं होतं ते मला ठाऊक होतं.

मी पाय रोवले. तळहात आणखी रेटत होता, मान मागे गेली, डोळ्यांसमोर छताचा पंखा आला. पोटरीत गोळा आला. "अहंकार की आत्मा, निकल!" ते ओरडले. त्यांची थुंकी माझ्या गालावर आली. मुलगी भिंतीला लागून उभी होती, तिने तोंडावर हात धरला होता.

"हात काढा," मी म्हटलं. मराठीत निघालं. मग हिंदीत. "हाथ हटाइए."

त्यांनी काढला नाही. मी त्यांचं मनगट धरलं आणि तो हात माझ्या कपाळावरून खाली आणला. फार जोर लागला नाही. म्हातारा माणूस आहे. प्रार्थना एकेका रांगेतून थांबत गेली.

मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत, आधी ओळखा, मग नाव घ्या. ज्याचं नाव कुणी घेत नाही तो सगळ्यात बळकट. या खोलीत तो पहिल्या दिवसापासून बसलाय. फॉर्म वाचताना तो तुमच्या तोंडून बोलतो. तुमच्या आजोबांना तो विद्वान म्हणतो आणि माझ्या आजोबांना दुष्टात्मा. मी नाव घेते. जात.

कुणी हालेलूया म्हटलं नाही.

मग मी आईच्या फोटोकडे वळले आणि मराठीत बोलले, कारण ते फक्त तिच्याशी होतं. म्हटलं, तू जे म्हणालीस ते मी वदवलं. ते माझं आहे. मी ते परत घेते. आबांचं नाव मी बापाच्या नावासकट घेतलं, मोठ्याने. मुलीला हाक मारली. आम्ही बाहेर पडलो. रिक्षात ती एकच वाक्य बोलली. "उनका नाम फिर से बताओ, मम्मी."

याने काही बरं झालेलं नाही. आई परत ऐकायला नाही. तिचे शेवटचे तीन महिने मला कुणी परत देणार नाही, आणि मी क्षमा मागते तेव्हा स्टुलावर कुणी नसतं. प्रभूवरचा विश्वास मी सोडलेला नाही. सोडला असता तर सोपं झालं असतं.

त्या दिवसानंतर मी सभेला गेले नाही. कुणी बोलावलंही नाही. मला वाटलं, संपलं. परवा सावित्रीचा फोन आला. तिच्या नवऱ्याचं पिणं सुटावं म्हणून तिला फॉर्म दिला आहे. या शनिवारी वाचतील.

"दीदी, वो छठे में क्या लिखूँ? सास के घर सब झाड़ू-नाली का काम करते थे. ख़ाली छोड़ दूँ?"

मी म्हटलं, फॉर्म भरू नको. ती म्हणाली, नाही भरला तर म्हणतील, हिच्यातला आत्माच अडवतोय. खरं होतं ते.

मी दूर राहिले, तरी तो रकाना रोज काम करत राहिला. माझ्या हिंदीत. आटोपशीर.

म्हणून शनिवारी मी जाणार आहे. सावित्रीला सांगितलंय, रिकामा सोडू नकोस, खोटंही लिहू नकोस, माझ्या शेजारी बस. पहिल्या रांगेत. ते कागद डोळ्यांपासून लांब धरतील, माईक तोंडाशी नेतील. तेव्हा मी उभी राहीन आणि म्हणेन, पहले अपना पढ़िए, ब्रदर.

ते हात ठेवतील. चाळीस माणसं ओरडतील. दाराबाहेर काढतील. त्याच्या पुढच्या शनिवारी मी पुन्हा आत येईन आणि हेच म्हणेन. त्याच्याही पुढच्या. जोवर तो माणूस सगळ्यांसमोर स्वतःचा सहावा रकाना वाचत नाही, किंवा तो रकाना फाडत नाही, तोवर.